जक्कयाची परतफेड आणि गुगलचा दंड

पहिल्या कम्युनियनच्या तयारीला बसलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांनाही एक गोष्ट आवर्जून शिकवली जाते. शेजाऱ्याच्या वाडीतले पेरू चोरले, कुमसारात तसे प्रांजळपणे सांगितले, धर्मगुरूंनी सांगितलेल्या तीन 'नमो मरिया' गुडघे टेकून म्हटल्या. एवढे सगळे झाले आणि पेरू अजून खिशातच असले, तर तो पश्चात्ताप अपुरा होय. घेतलेले परत करावे लागते. खाऊन टाकले असेल तर भरपाई करावी लागते. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या ईशज्ञानाच्या महाग्रंथात परतफेडीचा स्वतंत्र विचार केला आणि अन्यायाने घेतलेले परत करणे ही तारणाची आवश्यक अट ठरवली. परतफेड आणि दंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही त्यांनीच स्पष्ट केले. परतफेडीने बिघडलेला समतोल पूर्ववत होतो. दंडाने अपराधाचे शासन होते. एक केले म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

हा जुना भेद आज आठवण्याचे कारण आहे गुगल. इंटरनेटवरील शोधाच्या बाजारात या कंपनीने आपल्या प्रभुत्वाचा गैरवापर केला असा निष्कर्ष युरोपीय आयोगाने २०१७ साली, भारतीय स्पर्धा आयोगाने २०१८ साली काढला. आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टनच्या संघराज्य न्यायालयाचे न्यायमूर्ती अमित मेहता यांनी ही कंपनी मक्तेदार असून तिने ती मक्तेदारी बेकायदा मार्गाने टिकवली, असा निर्णय दिला. तीन खंडांतील तीन न्यायव्यवस्था, तिघींचे कायदे निराळे, तपास निराळे. निष्कर्षाची दिशा मात्र एक. एवढे झाल्यावर सर्वसामान्य माणूस समजतो की न्याय झाला. आमचे म्हणणे असे की, दंड झाले, आदेशांचे कागद निघाले, पण परतफेड जवळजवळ कोठेच झाली नाही. पेरू अजून खिशात आहेत.

ज्यांनी या विषयाकडे तांत्रिक म्हणून पाठ फिरवली असेल त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. शोधयंत्र म्हणजे काही ज्ञानकोश नव्हे. त्याचे अदृश्य हस्तक कोट्यवधी पाने चाळतात, त्यांची एक अवाढव्य सूची तयार करतात, आणि आपण दोन शब्द टंकताच त्या सूचीतून काय वर दाखवायचे आणि काय तळाशी ढकलायचे, याचा क्षणार्धात निर्णय करतात. सारी सत्ता या क्रम लावण्यात आहे. युरोपीय आयोगाने २०१७ च्या निर्णयाच्या वेळी दिलेले आकडे बोलके आहेत. पहिल्या पानावरच्या दहा निकालांकडे सुमारे ९५ टक्के लोक वळतात. दुसऱ्या पानावरच्या पहिल्या निकालाच्या वाट्याला जेमतेम एक टक्का येतो. म्हणजे दुसऱ्या पानावर जाणे ही व्यापाऱ्याच्या दृष्टीने हद्दपारीच होय. पूर्वी भाजी-फळांच्या बाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत चाले. माल पिकवणारा शेतकरी समोर उभा असे, पण रुमालाखाली काय ठरले ते त्याला कळत नसे. शोधयंत्राचा क्रम हा असाच एक जगभर पसरलेला रुमाल आहे. फरक एवढाच की, रुमाल धरणाऱ्या अडत्याने आता त्याच बाजारात स्वतःचीही दुकाने थाटली आहेत.

आणि हे तिच्या जन्मदात्यांना ठाऊक नव्हते असेही नाही. सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी १९९८ साली, विद्यार्थिदशेत, आपल्या शोधयंत्राविषयी जो निबंध प्रसिद्ध केला त्याच्या परिशिष्टात त्यांनी स्वतःच इशारा दिला होता की, जाहिरातींवर जगणारी शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकणार आणि ग्राहकाच्या गरजेपासून दूर जाणार. पुढे त्याच जाहिरातींवर त्यांनी जगातील एक सर्वांत श्रीमंत कंपनी उभी केली. आम्ही याला ढोंग म्हणत नाही. तरुणपणी दिसलेले सत्य संपत्तीच्या प्रकाशात दिसेनासे होते, एवढेच म्हणतो.

या कंपनीचे वकील तीन युक्तिवाद पुनःपुन्हा करतात. पैकी पहिला असा की, सेवा फुकट आहे, मग लुबाडणूक कोणाची? न्यायमूर्ती मेहता यांच्या निकालात याचे उत्तर आहे. शोधाच्या पानावर झळकणाऱ्या जाहिरातींचे दर ही कंपनी स्पर्धेची भीती न बाळगता वाढवू शकते आणि तिने ते वाढवले, असे त्यांना पुराव्यावरून आढळले. त्या जाहिरातीचा खर्च विमानाच्या तिकिटात, विम्याच्या हप्त्यात, हॉटेलच्या भाड्यात मिसळून अखेर ग्राहकाच्याच माथी येतो. नाक्यावर जकात गाडीवाला भरतो म्हणून तांदूळ स्वस्त होत नाही.

दुसरा युक्तिवाद म्हणजे, स्पर्धा केवळ एका टिचकीच्या अंतरावर आहे, हे गुगलचे जुने पालुपद. ज्याला आमचे शोधयंत्र नको त्याने दुसरे वापरावे, अडवले कोणी? हे खरे असते तर कंपनीने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर कशासाठी मोजले, याचे उत्तर द्यावे लागेल. ही रक्कम मोजली गेली ती केवळ एवढ्यासाठी की, फोन किंवा ब्राउझर पहिल्यांदा उघडताच समोर गुगलच यावे. एकट्या ॲपल कंपनीला २०२२ साली सुमारे २० अब्ज डॉलर मिळाले. सफारी ब्राउझरमधील शोधातून होणाऱ्या जाहिरात उत्पन्नाचा ३६ टक्के हिस्सा ॲपलला जातो, हे खटल्याच्या सुनावणीत एका साक्षीदाराच्या तोंडून बाहेर पडले. माणूस आपल्या मर्जीने ज्या दारातून येणारच आहे, त्या दारासाठी एवढा नजराणा कोणी देत नाही. बहुसंख्य लोक समोर आलेली व्यवस्था बदलत नाहीत, हे कंपनीला पक्के ठाऊक होते. २६ अब्ज डॉलर हे त्या ज्ञानाचे मूल्य होय.

तिसऱ्या युक्तिवादात थोडे तथ्य आहे, म्हणून त्याकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. गुगल सर्वोत्तम आहे म्हणून लोक ते वापरतात, असे म्हणतात. आणि न्यायमूर्ती मेहता यांनीही तिच्या दर्जाची वाखाणणी केलीच आहे. पण हा दर्जा येतो कोठून? लोक काय विचारतात, दाखवलेल्यांपैकी कोणता निकाल उघडतात, कोणत्या निकालावरून लगेच माघारी फिरतात, या प्रत्येक हालचालीची नोंद होते आणि त्या नोंदींवरून यंत्र सुधारत जाते. ज्याच्याकडे अधिक लोक त्याच्याकडे अधिक नोंदी, ज्याच्याकडे अधिक नोंदी त्याचे यंत्र अधिक चांगले, आणि म्हणून पुन्हा अधिक लोक. निकालात दिलेल्या आकड्यांप्रमाणे २०२० साली अमेरिकेतील सर्वसाधारण शोधांपैकी जवळजवळ ९० टक्के, आणि मोबाईलवरील शोधांपैकी सुमारे ९५ टक्के एकट्या गुगलवर होत होते. त्यांतील कितीतरी शोध पैसे मोजून मिळवलेल्या जागांवरून आलेले. तेव्हा आजच्या दर्जाचा एक भाग खऱ्या बुद्धिमत्तेचे फळ आहे आणि दुसरा भाग बंद केलेल्या वाटेचे. हे दोन भाग वेगळे करणे कठीण आहे, हे आम्ही मान्य करतो. पण कठीण आहे म्हणून दोन्ही भाग आरोपीलाच बहाल करणे हा कोणता न्याय?

येथे ॲडम आणि शिवॉन रॅफ या इंग्लंडमधील दांपत्याची हकिगत सांगितली पाहिजे. कारण कायद्याच्या भाषेत 'बाजार' म्हटले की त्यामागची माणसे दिसेनाशी होतात. या दोघांनी २००६ साली 'फाउंडेम' नावाचे संकेतस्थळ सुरू केले. एखादी वस्तू कोणत्या दुकानात किती किमतीला मिळते याची तुलना ते करून देई. सुरू होऊन काही दिवस झाले असतील नसतील तोच गुगलच्या निकालांत ते तळाशी गेले, इतके खाली की तेथे कोणी पोहोचत नाही. इतर शोधयंत्रांवर मात्र ते वरच्या क्रमांकावर दिसत होते. आपल्या हातून काय चुकले, हे दोघे विचारत राहिले. २००९ साली त्यांनी युरोपीय आयोगाकडे तक्रार केली. २०१० च्या नोव्हेंबरात आयोगाने अधिकृत चौकशी सुरू केली. त्यानंतर तत्कालीन आयुक्त होआकिन अल्मुनिया यांच्या कारकिर्दीत तडजोडीचे प्रयत्न एकदा नव्हे, तीनदा झाले आणि फसले. मार्गारेट वेस्टेयर आयुक्त झाल्यावर २०१५ साली आरोपपत्र निघाले. २७ जून २०१७ रोजी निर्णय लागला : आपल्या स्वतःच्या खरेदी-तुलना सेवेला गुगल पानाच्या माथ्यावर बसवते, आणि प्रतिस्पर्ध्यांना खाली ढकलते, सर्वांत वरचा प्रतिस्पर्धीसुद्धा सरासरीने चौथ्या पानावर सापडतो. दंड २.४२ अब्ज युरो. कंपनी अपिलात गेली, २०२१ साली हरली. पुन्हा वरच्या न्यायालयात गेली, १० सप्टेंबर २०२४ रोजी तेथेही हरली.

अंतिम विजय तो हाच. पण फाउंडेम २०१६ सालीच बंद पडले होते.

त्या दंडाचे काय झाले? तो युरोपीय संघाच्या अंदाजपत्रकात जमा होतो आणि सदस्य-राष्ट्रांच्या वर्गणीचा भार तेवढा हलका होतो. रॅफ दांपत्याला त्यातला छदामही मिळण्याची तरतूद नाही; भरपाई हवी असेल तर त्यांनी वेगळा दिवाणी दावा लावावा. आणि बाजार पूर्ववत करण्यासाठी जो उपाय निघाला, तो तर एखाद्या प्रहसनात शोभावा. प्रतिस्पर्ध्यांना समान वागणूक द्या, एवढेच आयोगाने सांगितले. ती कशी द्यायची हे ठरवण्याची मुभा दोषी ठरलेल्या कंपनीलाच दिली. कंपनीने आपली खरेदी-सेवा कागदोपत्री वेगळी केली, आणि पानाच्या माथ्यावरच्या जागांचा लिलाव मांडला. ज्यांची वाट अडवली होती त्यांनी आता बोली लावून ती वाट विकत घ्यावी; बोलीचे पैसे अर्थात गुगलला! अँड्रॉइड फोनविषयीच्या २०१८ च्या निर्णयानंतर हेच पुन्हा घडले. त्या प्रकरणी ४.३४ अब्ज युरोंचा दंड झाला (अपिलात तो थोडा कमी झाला), आणि नव्या फोनवर कोणते शोधयंत्र हवे ते ग्राहकाला विचारणारा निवडफलक दाखवण्याचे ठरले. २०२० साली त्या फलकावर नाव येण्यासाठीही लिलाव! छोट्या शोधयंत्रांनी ओरड केली तेव्हा कोठे २०२१ साली त्या जागा विनामूल्य झाल्या. चोराला शिक्षा म्हणून चोरीच्या मालाचा लिलाव करू द्यावा आणि रक्कमही त्यालाच ठेवू द्यावी, असा हा प्रकार. युरोपला हे उशिरा का होईना उमगले असावे. मोठ्या कंपन्यांनी काय करावे आणि काय करू नये हे आधीच बांधून देणारा डिजिटल बाजारविषयक कायदा तेथे झाला आणि त्याची बंधने ७ मार्च २०२४ पासून लागू झाली.

आता आपल्या घरात पाहू. १९६९ चा मक्तेदारी नियंत्रण कायदा जाऊन त्या जागी आपल्याकडे स्पर्धा अधिनियम, २००२ आला. विवाह जुळवणारी एक भारतीय कंपनी आणि जयपूरची 'कट्स' ही ग्राहक-संस्था यांच्या तक्रारींवरून २०१२ साली गुगलची चौकशी सुरू झाली, आणि ८ फेब्रुवारी २०१८ रोजी आयोगाने बहुमताने निर्णय दिला. दोन सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. दंड झाला १३५.८६ कोटी रुपये. ऐकायला ही रक्कम मोठी वाटते. त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे २०१७ साली, गुगलच्या मूळ कंपनीचे जगभरचे उत्पन्न सुमारे ११० अब्ज डॉलर होते. वाचकांनी स्वतः भागाकार करून पाहावा. हा दंड त्या कंपनीचे दोन तासांचेही उत्पन्न नव्हते. आणि तोही कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे भारताच्या संचित निधीत जमा व्हावयाचा. ज्यांचे नुकसान झाले त्यांच्या हाती काय?

दंडाहून बोलका होता तो उपाय. विमानप्रवासाविषयी काही शोधले की पानाच्या वर ठळकपणे एक चौकट दिसे आणि तीतील दुवा गुगलच्याच विमानशोधाच्या पानावर नेई. त्यामुळे इतर प्रवास-संकेतस्थळांचा मार्ग अडतो आणि ग्राहकाची दिशाभूल होते, असे आयोगाला आढळले. मग आयोगाने काय सांगितले? चौकट काढून टाका असे सांगितले नाही. इतरांनाही तेथे जागा द्या असे सांगितले नाही. हा दुवा गुगलच्याच पानावर नेतो, इतर कोणी एकत्र केलेल्या निकालांवर नव्हे, अशी स्पष्ट सूचना चौकटीत लिहा, एवढे सांगितले. पाटी लावा!

यरीहोचा मुख्य जकातदार जक्कय याची गोष्ट आमच्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. बुटका म्हणून उंबराच्या झाडावर चढला, प्रभूने नाव घेऊन खाली बोलावले, आणि त्याच दिवशी त्याच्या घरी तारण आले. त्याने उभे राहून काय जाहीर केले ते लूककृत शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे : अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि ज्याचे काही अन्यायाने घेतले असेल त्याला चौपट परत. लक्षात घेण्याजोगे हे की, त्याने रोमच्या खजिन्यात दंड भरण्याची भाषा केली नाही. ज्याचे घेतले त्याला देण्याची केली. 'हा नाका जक्कयाच्या मालकीचा आहे, जाणाऱ्या-येणाऱ्यांनी नोंद घ्यावी' अशी पाटी लावून तो घरी गेला असता, तर त्याची गोष्ट कोणी लिहून ठेवली असती काय?

आमच्या आयोगाला बळ नाही असे मात्र कोणी समजू नये. २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड प्रकरणी त्याने १३३७.७६ कोटींचा दंड केला आणि वर्तन सुधारण्याचे दहा आदेश दिले. राष्ट्रीय कंपनी विधी अपील न्यायाधिकरणाने मार्च २०२३ मध्ये दंड कायम ठेवला, दहांपैकी चार आदेश रद्द केले. फोन प्रथम चालू करताना शोधयंत्र निवडण्याची मोकळीक द्यावी, ही जी सुधारणा झाली ती याच आदेशातून, आणि ती स्वागतार्ह आहे. २०२३ च्या दुरुस्तीने दंडाची आकारणी जगभरच्या उलाढालीवर करण्याची सोय झाली, तीही योग्यच. पण अधिनियमात जी दोन कलमे आहेत त्यांकडे पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. कलम २८ प्रभुत्व असलेल्या उद्योगाचे विभाजन करण्याचा अधिकार आयोगाला देते. कलम ५३ एन ज्याचे नुकसान झाले त्याला अपील न्यायाधिकरणाकडे भरपाई मागण्याचा हक्क देते. म्हणजे आमच्या कायदेमंडळाने जक्कयाचा न्याय अधिनियमात लिहून ठेवला आहे! मात्र भरपाईची मागणी करण्यासाठी आधी गैरवापर सिद्ध झालेला असावा लागतो. तक्रार, चौकशी, आदेश, अपील, पुन्हा अपील, हे सारे होईतो लहान उद्योजकाचे दुकान उभे असेल तर त्याने नशीब समजावे. फाउंडेमचे नव्हते.

तिकडे अमेरिकेत, जेथे मक्तेदारीविरोधी कायद्याची परंपरा सर्वांत जुनी, तेथून अपेक्षा अधिक होत्या. ज्या कायद्याखाली गुगल दोषी ठरली तो शर्मन कायदा १८९० सालचा. त्याच कायद्याने १९११ साली स्टँडर्ड ऑइलचे चौतीस तुकडे केले. त्याच कायद्याखालच्या खटल्यातून १९८४ साली टेलिफोनची प्रचंड कंपनी विभागली गेली आणि दळणवळणाच्या क्षेत्रात नव्या माणसांना पाय ठेवायला जागा झाली. २ सप्टेंबर २०२५ रोजी न्यायमूर्ती मेहता यांनी गुगलविषयी उपाययोजना जाहीर केली. क्रोम ब्राउझर विकण्याची सरकारची मागणी त्यांनी फेटाळली. याबद्दल आम्ही त्यांना दोष देत नाही. ज्या करारांमुळे कायदा मोडला गेला त्यांचा क्रोमशी संबंध दाखवणे कठीणच होते, आणि तोडल्याचे समाधान हा काही न्याय नव्हे. प्रतिस्पर्ध्यांना वगळणारे करार त्यांनी बंद केले. पण पहिल्या जागेसाठी पैसे मोजण्याला त्यांनी मोकळीक ठेवली. पुढे डिसेंबरात असे करार एका वर्षाहून अधिक मुदतीचे नसावेत, एवढी मर्यादा घातली.

पैसे का थांबवले नाहीत? कारण ते थांबले तर ते घेणाऱ्यांचे, म्हणजे फोन बनवणाऱ्यांचे आणि लहान ब्राउझर कंपन्यांचे नुकसान होईल. यात करुणेचा एक सूर आहे, तो आम्ही ऐकतो. मोझिलासारखी संस्था आपल्या उत्पन्नाच्या फार मोठ्या भागासाठी गुगलच्याच पैशावर जगते, हे खरे. पण हा युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर त्याचा अर्थ काय होतो? मक्तेदाराने आपल्या शेजाऱ्यांना आपल्या पैशाची पुरेशी सवय लावावी, म्हणजे पुढे न्यायालयच त्या सवयीचे रक्षण करील! सावकाराच्या कर्जावर सारे गाव जगत असेल तर सावकारीला हात लावू नये, असे आपल्याकडेही म्हणणारे होतेच. शिवाय एक वर्षाच्या कराराचे बंधन त्याला, ज्याच्या तिजोरीला दरवर्षी नवी बोली सहज परवडते.

दुसरे कारण त्यांनी दिले ते कृत्रिम बुद्धिमत्तेचे. उत्तरे लिहून देणारी नवी यंत्रे आली आहेत, बाजार आपोआप बदलत आहे, तेव्हा न्यायालयाने संयम ठेवावा. हे कारण आम्हांस सर्वांत कमी पटते. नवी यंत्रे हवेतून उत्तरे देत नाहीत; ताज्या गोष्टींसाठी त्यांनाही शोधाच्या सूचीचाच आधार लागतो. गुगलने तर मे २०२४ पासून अमेरिकेत आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून भारतात आपल्या निकालांच्या माथ्यावर यंत्रलिखित सारांश बसवला आहे. पूर्वी तो अडत्या शेतकऱ्याचा माल निदान मागच्या रांगेत तरी ठेवी. आता मालाचा रस काढून तो स्वतःच विकतो आणि शेतकऱ्याच्या गाडीपर्यंत गिऱ्हाईक पोहोचतच नाही. आमच्यासारख्या लहान त्रैमासिकाचा वाचक टपालाने आणि धर्मग्रामाच्या दारातून येतो, म्हणून आम्हांस याची झळ तूर्त कमी. पण मराठीत जो कोणी आज इंटरनेटवर कष्टाने काही लिहून ठेवतो आहे, त्याच्या वाचकाचे दार एकाच मालकाच्या हाती आहे, हे विसरून चालणार नाही.

त्या निकालातली एक गोष्ट मात्र आम्ही मनापासून वाखाणतो. गुगलने आपल्या सूचीतील आणि लोकांच्या शोध-वर्तनाच्या नोंदींतील काही भाग पात्र प्रतिस्पर्ध्यांना उपलब्ध करून द्यावा, असा आदेश त्यात आहे. तिन्ही खंडांतील या खटल्यांत परतफेडीच्या सर्वांत जवळ जाणारी गोष्ट हीच. वाट अडवून जे ज्ञान साठवले, त्याचा वाटा ज्यांची वाट अडली त्यांना द्यायचा. जाहिरातींविषयीच्या नोंदी यातून वगळल्या, व्याप्तीही सरकारने मागितली होती त्याहून आखूड ठेवली. तरी दिशा बरोबर आहे. लोकांची खासगी माहिती बाहेर जाईल हा कंपनीचा आक्षेप नुसता झिडकारण्याजोगा नाही; नोंदींतून व्यक्तीची ओळख पुसूनच त्या दिल्या पाहिजेत. एवढे म्हणून झाल्यावर हेही म्हणावे लागते की, ज्या कंपनीने आपल्या साऱ्यांच्या जिज्ञासेचे, आजारपणाचे, काळज्यांचे हिशेब वर्षानुवर्षे बाळगले, तिला खासगीपणाचा कळवळा नेमका वाटणी करण्याच्या दिवशी यावा, हे नवल होय.

कोणी म्हणेल, धर्मनिष्ठांच्या नियतकालिकाला या बाजारगप्पा कशाला? शर्मन कायदा झाला त्याच्या पुढच्याच वर्षी, १५ मे १८९१ रोजी, पोप तेरावे लिओ यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक निघाले. मूठभर धनवंतांच्या हाती उद्योग-व्यापार एकवटल्याने असंख्य कष्टकऱ्यांच्या मानेवर जवळजवळ गुलामीचे जू आले आहे, हे त्यांनी त्यात सांगितले. चाळीस वर्षांनी, १९३१ साली, पोप अकरावे पायस यांनी आणखी पुढे जाऊन निदान केले : मुक्त स्पर्धेने स्वतःलाच गिळून टाकले आहे आणि तिच्या जागी आर्थिक हुकूमशाही आली आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८७ साली मालमत्तेवर समाजाचे गहाणखत असते, हा विचार मांडला. आणि मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव का घेतले याचे कारण सांगताना, 'रेरुम नोव्हारुम' चा आणि कृत्रिम बुद्धिमत्तेने आणलेल्या नव्या औद्योगिक क्रांतीचा उल्लेख एका दमात केला. ख्रिस्तसभेने हा विषय आमच्या पुढ्यात ठेवला आहे. आम्ही तो उकरून काढलेला नाही. अकराव्या पायस यांच्या त्याच परिपत्रकात असेही तत्त्व आहे की, लहान घटक जे स्वतः करू शकतो ते मोठ्याने त्याच्याकडून हिरावून घेऊ नये. रॅफ दांपत्याचे संकेतस्थळ हा असाच एक लहान घटक होता.

म्हणून आमची मागणी आयोगांनी आणि न्यायालयांनी अधिक मोठे दंड करावेत एवढीच नाही. मोठा दंड परवडणाऱ्याला तो धंद्याचा खर्च वाटतो. पहिली जागा पैशाने विकत घेण्यास प्रभुत्व असलेल्या शोधयंत्राला साफ बंदी असावी. जो शोधयंत्र चालवतो त्याने त्याच पानावर स्वतःच्या दुकानाला वेगळा न्याय लावू नये, आणि लावला तर विभाजनाचे कलम कपाटात ठेवण्यासाठी नाही हे त्याला माहीत असावे. आणि दंडाची रक्कम सरकारी खजिन्यात जाण्याआधी तिचा एक हिस्सा ज्यांचे नुकसान सिद्ध झाले त्यांच्यासाठी राखून ठेवावा, त्यासाठी त्यांना आणखी दहा वर्षे दारोदार हिंडायला लावू नये.

भारतात याची संधी जवळ आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचा डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. गैरवापर घडून गेल्यावर वर्षानुवर्षे चौकशी करण्याऐवजी मोठ्या कंपन्यांवर आधीच कर्तव्ये घालण्याची कल्पना त्यात आहे, आणि ज्या सेवांना तो लागू व्हावा त्यांत शोधयंत्रांचा समावेश आहे. बड्या कंपन्यांनी त्यास विरोध केला, काही भारतीय उद्योजकांनीही शंका काढल्या, आणि २०२५ सरेपर्यंत ते विधेयक संसदेत मांडले गेले नव्हते. आमच्या वाचकांत वकील आहेत, कंपनी सचिव आहेत, लोकप्रतिनिधींच्या उठबशीतली माणसेही आहेत. त्यांनी तो मसुदा आणि २००२ च्या अधिनियमातील कलम ५३ एन शेजारी शेजारी ठेवून वाचावे, आणि आपल्या खासदारांना एवढेच विचारावे की, नुकसान झालेल्याच्या हाती या नव्या कायद्याने काय पडणार आहे, आणि किती वर्षांनी?